कापसाचा चुकारा आणि दहा लाखांची मर्यादा
यवतमाळ जिल्ह्यातील सहकारी बँका व वित्तीय गुप्तवार्ता एककाची नियमावली, २००४ ते २०२५

हिशेब ठेवणे ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यास नवी नाही. ठेवलेला हिशेब कोणास दाखवावयाचा, हा प्रश्न मात्र निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने सोडविला गेला आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकारावर दोन बंधने घातली होती. प्रत्येक ऋणकोचे खाते स्वतंत्रपणे व नियमितपणे लिहावयाचे हे एक. आणि दरसाल त्या खात्याचा सही केलेला उतारा ऋणकोच्या हाती द्यावयाचा हे दुसरे. पुढे विदर्भात लागू झालेल्या मुंबईच्या १९४६ च्या सावकारी कायद्याचेही तत्त्व हेच होते. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती दिसली पाहिजे, कारण ती त्याच्या संरक्षणासाठी आहे, अशी ह्या दोन्ही कायद्यांची धारणा होती.

१ जुलै २००५ पासून जिल्ह्यातील बँकांत जी नवी नोंद सुरू झाली तिचा दंडक नेमका उलटा होता. रोखीच्या मोठ्या व्यवहारांचा तपशील दरमहा दिल्लीस धाडावयाचा. एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तर त्याचे निवेदन स्वतंत्रपणे पाठवावयाचे. आणि असे निवेदन गेले आहे ह्याचा सुगावा खातेदारास यत्किंचितही लागू द्यावयाचा नाही. ही निवेदने ज्या कार्यालयाकडे जावयाची ते वित्तीय गुप्तवार्ता एकक होय. त्याचे नियम व त्यांतील फेरफार एका कापूसप्रधान जिल्ह्यातील लहान सहकारी बँकांपर्यंत कसे पोहोचत गेले, आणि ते समजून घेणे हेच एक स्वतंत्र काम कसे होऊन बसले, ह्याचा हा आढावा आहे.

प्रथम जिल्ह्याविषयी थोडे. १९०५ पर्यंत हा मुलूख वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत पुसद तालुका ह्यास जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळचे नाव मिळाले. आजच्या १६ तालुक्यांपैकी बहुतेकांत कापूस हेच पैसा आणणारे पीक आहे. पतपुरवठ्याची रचना इतर जिल्ह्यांप्रमाणेच तिहेरी : गावची सेवा सहकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि सर्वांत वर राज्य सहकारी बँक. ह्याखेरीज यवतमाळ, पुसद, वणी येथे नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या; त्यांचा ग्राहक मुख्यतः व्यापारी, नोकरदार व अडत्या. शेतकऱ्याचे खाते जिल्हा बँकेत आणि त्याचा कापूस घेणाऱ्याचे खाते नागरी बँकेत, अशी विभागणी पुष्कळदा आढळते. पुढील विवेचनात तिला महत्त्व आहे.

कापसाच्या पैशाचा मार्ग कसा बदलला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातले. योजनेत कापूस सरकारी केंद्रावर घालावयाचा आणि त्याचा चुकारा, म्हणजे मालाची रक्कम, सहकारी यंत्रणेतून पीककर्ज वळते होऊन मिळावयाचा, असा क्रम होता. चुकारा उशिरा मिळतो ही शेतकऱ्यांची तक्रार तीस वर्षे कायम राहिली. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाल्यावर एकाधिकार नावापुरता उरला. खेडा खरेदी करणारा व्यापारी नोटांची थप्पी घेऊन दारी येऊ लागला. भाव दोन पैसे कमी, पण पैसा हातोहात. कापसाचा व्यवहार सरकारी चुकाऱ्याकडून पुन्हा रोखीकडे वळला त्याच सुमारास रोखीवर नजर ठेवणारा कायदा अमलात आला. हा योगायोगच, परंतु नियमाचा भार ह्या जिल्ह्यात जास्त जाणवला त्याचे पुष्कळसे कारण ह्या योगायोगात आहे.

कायद्याचा उगम जिल्ह्यापासून फार दूरचा. १९८९ साली पॅरिस येथे सात धनाढ्य राष्ट्रांच्या परिषदेने वित्तीय कृती दल स्थापन केले. अमली पदार्थांच्या व्यापारातील पैसा बँकांत शिरून 'स्वच्छ' होऊ नये, हा त्यामागील आरंभीचा हेतु. २००१ च्या न्यूयॉर्क येथील हल्ल्यानंतर त्यात दहशतवादाला मिळणाऱ्या पैशाचा विषय समाविष्ट झाला. भारताच्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यावर २००२ हे साल असले तरी राष्ट्रपतींची संमती जानेवारी २००३ मध्ये मिळाली आणि अंमल १ जुलै २००५ पासून सुरू झाला. मधल्या काळात, १८ नोव्हेंबर २००४ रोजी, केंद्रीय अर्थमंत्रालयाच्या महसूल विभागात वित्तीय गुप्तवार्ता एककाची स्थापना झाली. २०१० साली भारत कृती दलाचा पूर्ण सभासद झाला.

हिंदीत ह्या कार्यालयाचे नाव 'वित्तीय आसूचना एकक' असे आहे. मराठीत 'गुप्तवार्ता' हा शब्द रूढ झाला. तो थोडा फसवा आहे. गुप्तवार्ता म्हटले की हेर, पाळत, छापा ह्या गोष्टी मनात येतात. हे कार्यालय छापा घालीत नाही, कोणास अटक करीत नाही. त्याची मंजूर पदे आरंभीच्या वर्षांत पाऊणशेच्या आसपास होती. त्याच्याकडे जमा होणारी वार्ता बँकांचे कारकून व अधिकारी लिहितात. ती चाळून, जुळवून, अंमलबजावणी संचालनालय, प्राप्तिकर खाते व इतर यंत्रणांना देणे एवढेच त्याचे काम. ह्या अर्थाने दारव्हा किंवा उमरखेड येथील शाखेचा रोखपाल हाच गुप्तवार्तेचा पहिला लेखक ठरला, आणि ह्याची जाणीव त्याला फार सावकाश झाली असावी.

आता नियम पोहोचण्याची वाट. संसदेने कायदा करावयाचा. केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेच्या सल्ल्याने नियम करावयाचे. रिझर्व्ह बँकेने ते प्रत्येक प्रकारच्या बँकेस वेगळ्या परिपत्रकाने कळवावयाचे. निवेदनाचा नमुना गुप्तवार्ता एककाने ठरवावयाचा. ग्राहकाची ओळख पटवून घेण्याविषयीचे सविस्तर परिपत्रक नागरी सहकारी बँकांसाठी १५ डिसेंबर २००४ रोजी निघाले. राज्य व जिल्हा मध्यवर्ती बँकांसाठी तसेच परिपत्रक १८ फेब्रुवारी २००५ रोजी. म्हणजे एकाच जिल्ह्यातील दोन बँकांस एकच कर्तव्य दोन महिन्यांच्या अंतराने, दोन क्रमांकांखाली, दोन विभागांकडून कळले. आणि दोन्ही वेळी मूळ कायदा अजून अमलात यावयाचा होता. जिल्हा बँकेची गोष्ट अधिकच गुंतागुंतीची. तिची नोंदणी राज्याच्या सहकार कायद्याखाली, परिपत्रके रिझर्व्ह बँकेची, तपासणी नाबार्डची आणि निवेदने दिल्लीच्या एककाकडे. चार दिशांस चार वरिष्ठ, आणि प्रत्येकाची पत्रव्यवहाराची भाषा इंग्रजी किंवा हिंदी. बँकेचे पोटनियम, सभांची इतिवृत्ते व शाखेतील बोलणे मात्र मराठीत. परिपत्रक समजले की नाही, हे ते वाचणाऱ्या एका माणसावर अवलंबून राहिले. कायद्याने त्या माणसास नावही दिले : प्रमुख अधिकारी.

प्रमुख अधिकाऱ्याने काय पाठवावयाचे? पहिले, १० लाख रुपयांहून अधिक रकमेचा प्रत्येक रोखीचा व्यवहार. दुसरे, परस्परांशी निगडित असे लहान रोखीचे व्यवहार, जर एका महिन्यात त्यांची बेरीज १० लाखांवर जात असेल तर. ही निवेदने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. तिसरे, बनावट नोटा सापडल्याची निवेदने. चौथे, संशयास्पद व्यवहार, मग रक्कम कितीही असो. त्यासाठी संशयाचा निष्कर्ष निघाल्यापासून ७ दिवसांची मुदत तेव्हा होती. मासिक निवेदनात ५० हजारांखालील सुट्या व्यवहारांचा तपशील देण्याची गरज नव्हती, आणि पाठविण्यासारखे काहीच नसेल तर कोरे निवेदन पाठविण्याचीही नव्हती. ह्या दोन सवलती फार उपयोगाच्या होत्या. पण त्या परिपत्रकांच्या मधल्या परिच्छेदांत होत्या, आणि जो परिच्छेद वाचला गेला नाही त्याची सवलत मिळत नाही.

खरी अडचण दुसऱ्या कलमाची. ह्याचे गणित एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या अडत्याने नोव्हेंबर महिन्यात चुकाऱ्यासाठी आपल्या खात्यातून तीन वेळा ४ लाख रुपये काढले. एकही व्यवहार मर्यादेबाहेर नाही. तिन्हींची बेरीज १२ लाख होते व निवेदन पाठवावे लागते. रोजकीर्दीत हे तीन व्यवहार तीन वेगळ्या पानांवर असतात. पानांवरची ही बेरीज महिनाअखेर कोणी करावयाची? शाखा संगणकावर असेल तर यंत्र ती करते. परंतु २००६ साली सहकारी बँकांच्या सर्वच शाखा संगणकावर नव्हत्या, आणि हे ओळखूनच रिझर्व्ह बँकेने कळविले होते की, अशा शाखांतून प्रमुख अधिकाऱ्याने व्यवहार वेचून काढावे आणि एककाने आपल्या संकेतस्थळावर ठेवलेल्या साधनाच्या साहाय्याने संगणकीय फायलीत भरावे. एका निवेदनासाठी अशा सहा फायली लागत : नियंत्रणाची, शाखेची, खात्याची, व्यवहाराची, व्यक्तीची आणि संस्थेची. खतावणीतून वेचणी आणि फायलींत भरणी, असे हे काम ऐन कापसाच्या हंगामात येई.

ह्याच सुमारास जिल्हा निराळ्या कारणाने देशभर चर्चेत होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. यवतमाळ त्यांपैकी एक. २००८ साली देशव्यापी कर्जमाफी आली. सहकारी बँकांच्या कचेऱ्यांत त्या वर्षांत याद्या, पात्रता, व्याजसवलत ह्यांचे कागद साचत होते. गुप्तवार्तेची परिपत्रके त्याच टपालाने येत. ज्या बँकेत कर्जमाफीची यादी तयार करणारा माणूस व दिल्लीचे निवेदन भरणारा माणूस एकच असेल, तेथे त्याने प्रथम काय हाती घेतले असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

संशयास्पद व्यवहाराची व्याख्या वाचली तर तीत आर्थिक प्रयोजन दिसत नाही असा व्यवहार, अकारण गुंतागुंतीचा व्यवहार, ग्राहकाच्या परिस्थितीशी विसंगत व्यवहार असे शब्द आढळतात. ते योग्यच आहेत. पण 'विसंगत' हे ठरविण्यास आधी सुसंगत काय ते माहीत असावे लागते. कापूसपट्ट्यात दिवाळीच्या आसपास सीतादही, म्हणजे पहिला वेचा, झाला की फेब्रुवारीपर्यंत रोखीचा ओघ चढतो आणि उन्हाळ्यात आटतो. आठ महिने निजलेले खाते एकाएकी जागे होते. मोठ्या शहरातील खात्यांच्या सवयीवर बेतलेल्या यंत्रास हा चढ संशयाचा वाटेल. स्थानिक रोखपालास तो हंगाम वाटेल. उलट, हंगाम नसताना, जिनिंग बंद असताना, जून महिन्यात अडत्याच्या खात्यात मोठी रोख आली तर यंत्र तिच्याकडे कदाचित दुर्लक्ष करील, परंतु रोखपालाच्या भुवया उंचावतील. खातेदारांची जोखमीप्रमाणे उच्च, मध्यम, अल्प अशी वर्गवारी करण्याचा आदेश बँकांस होता, आणि स्थानिक ज्ञान नोंदविण्याची ती एकमेव अधिकृत जागा होती. ती जागा भरण्यात ज्या बँकेने कसूर केली, तिने आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे भांडवल वाया घालविले असेच म्हणावे लागेल.

संशयाविषयीचा आणखी एक नियम विशेष उल्लेखनीय आहे. निवेदन पाठविल्याच्या कारणाने बँकेने त्या खात्यावर कोणतेही निर्बंध घालावयाचे नाहीत. अर्थात् संशयित समजलेल्या माणसास अधिकाऱ्याने पूर्वीसारखेच हसतमुखाने पैसे मोजून द्यावयाचे. तालुक्याच्या गावी, जेथे खातेदार, संचालक व अधिकारी एकाच लग्नाच्या पंगतीस बसतात, तेथे हे मौन पाळणे मुंबईपेक्षा कितीतरी अवघड. आणि पाठविलेल्या निवेदनाचे पुढे काय झाले, हे लिहिणारास सहसा कळत नाही.

नियमांतील फेरफारांचा माग ठेवण्याची पद्धत हळूहळू स्थिर झाली. दर वर्षी १ जुलै रोजी रिझर्व्ह बँक आदल्या वर्षाची परिपत्रके एकत्र करून 'मास्टर परिपत्रक' काढीत असे, आणि त्याच्या शेवटी एकत्र केलेल्या परिपत्रकांची सूची जोडलेली असे. लहान बँकेच्या दृष्टीने ही सूची अत्यंत महत्त्वाची. आपल्या आवक नोंदवहीशी ती ताडून पाहिली की वर्षभरात कोणते पत्र हुकले ते कळे. परंतु जुलैनंतर आलेला बदल पुढील जुलैपर्यंत सुटाच राही. अशा सुट्या बदलांची संख्या थोडी नव्हती. २००९ च्या दुरुस्तीनंतर सेवाभावी संस्थांना मिळालेल्या १० लाखांवरील रकमांची निवेदने सुरू झाली. जिल्ह्यातील शिक्षणसंस्था व देवस्थाने ह्यांची खाती त्यामुळे प्रथमच ह्या कक्षेत आली. १६ डिसेंबर २०१० रोजी 'लहान खाते' हा प्रकार नियमांत आला : वर्षात १ लाखापर्यंत जमा, महिन्यात १० हजारांपर्यंत उचल, शिल्लक ५० हजारांपर्यंत. ज्या शेतमजुराजवळ ओळखीचे अधिकृत कागद नाहीत त्याच्यासाठी ही पळवाट नव्हे, तर सरळ दार होते. १५ फेब्रुवारी २०१३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कागद जपून ठेवण्याची मुदत १० वर्षांवरून ५ वर्षांवर आणली. कपाटे रिकामी करण्याची परवानगी देणारा हा बहुधा एकमेव बदल. त्याच सुमारास प्रमुख अधिकाऱ्याखेरीज संचालक मंडळाच्या पातळीवर 'पदनिर्देशित संचालक' नेमण्याचे आले, आणि नियम न पाळल्याची जबाबदारी कारकुनाच्या मेजावरून मंडळाच्या टेबलावर गेली. दरम्यान २० ऑक्टोबर २०१२ रोजी एककाचे नवे ऑनलाइन द्वार सुरू झाले. जुन्या सहा फायलींची रचना मागे पडली व त्या शिकण्यात गेलेले कष्टही तिच्याबरोबर गेले.

ह्या सर्व फेरफारांत एक गोष्ट बदलली नाही. ती म्हणजे १० लाखांचा आकडा. २००५-०६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला १,९८० रुपये होती. त्या भावाने १० लाख रुपयांत सुमारे ५०५ क्विंटल कापूस येई. २०२४-२५ च्या हंगामात हीच किंमत ७,५२१ रुपये झाली, आणि १० लाखांत जेमतेम १३३ क्विंटल. म्हणजे आकडा स्थिर राहूनही जाळ्याची वीण जवळजवळ चौपट बारीक झाली. पहिल्या वर्षी जे कलम केवळ मोठ्या व्यापाऱ्यास व जिनिंगच्या मालकास लागू पडले असते, ते वीस वर्षांनी मध्यम अडत्यासही लागू पडू लागले. त्यासाठी कोणास एक ओळीचे परिपत्रक काढावे लागले नाही. फेरफारांचा माग ठेवणारा अधिकारी बदललेल्या ओळी शोधीत असतो. न बदललेल्या ओळीचा अर्थ बाजारभावाने बदलतो, हे कोणत्याही सूचीत नमूद होत नसते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कापसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पहिले चार दिवस जिल्हा मध्यवर्ती बँकांनी इतर बँकांप्रमाणे जुन्या नोटा स्वीकारल्या. १४ नोव्हेंबर रोजी रिझर्व्ह बँकेने त्यांस त्या स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई केली. नागरी सहकारी बँकांस ही मनाई नव्हती. परिणाम असा झाला की, अडत्याची बँक चालू आणि शेतकऱ्याची बँक बंद. ज्याचे एकुलते एक खाते जिल्हा बँकेच्या शाखेत, त्याने कापसाचा पैसा घेऊन कोठे जावयाचे, ह्याचे उत्तर त्या परिपत्रकात नव्हते. मनाईचे कारणही त्यात दिलेले नव्हते. पुढे न्यायालयापुढे सरकारच्या वतीने बनावट नोटा ओळखण्याची साधने ह्या बँकांजवळ पुरेशी नसल्याचे सांगण्यात आले. ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या पूर्णतेविषयीही शंका होती, आणि नाबार्डने जिल्हा बँकांतील खात्यांची त्या दृष्टीने तपासणी केली. १० ते १४ नोव्हेंबर ह्या काळात जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा जिल्हा बँकांना २० जून २०१७ च्या अधिसूचनेने मिळाली. तोपर्यंत पुढच्या खरिपाची पेरणी तोंडावर आलेली होती.

ह्या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. सहकारी बँकांतील ओळखपत्रांची कपाटे सर्वत्र व्यवस्थित होती, असा दावा कोणी करणार नाही. २००५ पासून अकरा वर्षे ह्याविषयीची परिपत्रके येत होती आणि कित्येक ठिकाणी ती केवळ फायलीस लावली गेली होती. तथापि एखाद्या बँकेचे दप्तर अपुरे आहे की नाही, हे शाखानिहाय तपासून ठरविण्याऐवजी सबंध वर्गच एका पत्राने बाजूस काढला गेला. ज्या जिल्हा बँकेने मधल्या काळात आपले दप्तर नीट केले असेल तिलाही त्याचा लाभ मिळाला नाही, आणि शिक्षा बँकेस झाली त्याहून अधिक खातेदारास झाली. एककाकडे येणाऱ्या संशयास्पद व्यवहारांच्या निवेदनांची देशभरातील संख्या २०१५-१६ मध्ये सुमारे १ लाख ६ हजार होती; २०१६-१७ मध्ये ती ४ लाख ७३ हजारांवर गेली. संशय चौपटीहून अधिक झाला, असा ह्याचा अर्थ करता येत नाही. भीती वाढली हे मात्र त्यावरून खचित दिसते.

त्यापुढील काही वर्षांत रोखीविषयीचे नियम इतर खात्यांकडूनही आले. एप्रिल २०१७ पासून २ लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने बंदी घातली. त्याचा अर्थ व्यापारी व शेतकरी ह्यांनी निरनिराळा लावल्यामुळे, शेतकऱ्याकडून दिवसाला २ लाखांच्या आतील रोखीची खरेदी चालेल व त्यासाठी शेतकऱ्याचा पॅन क्रमांक लागणार नाही, असा खुलासा ३ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रत्यक्ष कर मंडळास करावा लागला. सप्टेंबर २०१९ पासून वर्षात १ कोटीहून अधिक रोख उचलणाऱ्याच्या रकमेतून २ टक्के करकपात सुरू झाली आणि तीन आठवड्यांच्या आतच, शेतमालाच्या चुकाऱ्यासाठी रोख काढणाऱ्या बाजार समितीतील व्यापारी व अडत्यांना त्यातून वगळण्यात आले. म्हणजे करखात्याने शेतमालाच्या रोखीचे वेगळेपण मान्य केले. गुप्तवार्तेच्या नियमांत अशी हंगामाची सवलत नव्हती, आणि तत्त्वतः ती नसणेच योग्य. कर घेणे व माहिती घेणे ह्या भिन्न गोष्टी होत. परंतु एकच अडत्या करकपातीतून मुक्त आणि मासिक निवेदनात हजर, हे काउंटरवर समजावून सांगणे सोपे नव्हते. किंबहुना दुसरी गोष्ट सांगण्याची तर मुभाही संशयाच्या प्रसंगी नव्हती. आधार जोडणीचा अध्यायही ह्याच काळातला : जून २०१७ मध्ये खात्यास आधार क्रमांक जोडण्याची सक्ती झाली आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती रद्द झाली.

ही सारी नोंद ठेवीदाराचे रक्षण करते, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. यवतमाळ येथील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला; पुरेसे भांडवल नाही व कमाईची शक्यता नाही, हे त्याचे कारण देण्यात आले. कर्जे कोणास दिली व ती परत येतात काय, हा एक प्रश्न. रोख कोठून आली हा दुसरा. गुप्तवार्ता एकक दुसरा प्रश्न विचारते. पहिल्यासाठी तपासनीस, लेखापरीक्षक आणि अखेर ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा, अशी वेगळीच यंत्रणा आहे.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने ग्राहक-ओळखीविषयीचे नियम सर्व प्रकारच्या बँकांसाठी एका मास्टर निर्देशात आणले, आणि नागरी व जिल्हा बँकांनी वेगवेगळी परिपत्रके जुळवीत बसण्याचा काळ काही अंशी संपला. त्या निर्देशाच्या संकेतस्थळावरील प्रतीत दुरुस्त्या तेथल्या तेथे घातल्या जात. त्यामुळे कपाटातील छापील प्रत जुनी होई आणि ती जुनी झाली हे प्रतीवरून कळत नसे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने आपली नऊ हजारांहून अधिक परिपत्रके २४४ मास्टर निर्देशांत सामावून घेतली. ह्या वेळी मांडणी पुन्हा संस्थेच्या प्रकारानुसार झाली : नागरी सहकारी बँकांचे निर्देश निराळे, जिल्हा बँका ज्यात मोडतात त्या ग्रामीण सहकारी बँकांचे निराळे. १५ डिसेंबर २००४ आणि १८ फेब्रुवारी २००५ ह्या दोन तारखांनी जी विभागणी सुरू झाली होती, ती मधल्या नऊ-दहा वर्षांच्या एकत्रीकरणानंतर अधिक नेटक्या स्वरूपात परत आली आहे. १० लाखांची मर्यादा मात्र परिपत्रकात नसून केंद्र सरकारच्या २००५ च्या नियमांत असल्यामुळे, ह्या मांडामांडीने तिला हात लागलेला नाही.